पावसाच्या दिवशी म्युरेन आणि गिमेलवाल्ड: कोणत्या क्रमाने फिरायचं आणि कुठे चुकतं

स्वित्झर्लंडच्या सहलीत इंटरलाकेनला तीन-चार रात्री ठेवल्या की त्यातला एखादा दिवस पाऊस खाणार, हे धरूनच चालावं. त्या दिवशी आपल्याकडची बहुतेक कुटुंबं दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर ‘तिकीट काढलंय ना, मग जायचंच’ म्हणून युंगफ्राउयोखला ३४५४ मीटरवर जातात आणि काचेपलीकडचा पांढरा पडदा बघून येतात. नाहीतर हॉटेलच्या खोलीत पत्ते कुटत बसतात. दोन्ही करायची गरज नाही. पावसात उंच शिखर निरुपयोगी असतं, पण मधल्या उंचीवरचं गाव आणि खालच्या दरीतला धबधबा उलट खुलतो. फक्त क्रम नीट लावावा लागतो आणि नेमका तोच चुकतो.

हा बेत इंटरलाकेनजवळच्या लाउटरब्रुनेन दरीचा आहे: दरीच्या कड्यावरची म्युरेन (१६३८ मीटर) आणि गिमेलवाल्ड (साधारण १३६० मीटर) ही मोटारगाड्या नसलेली दोन गावं, आणि शेवटी डोंगराच्या पोटातला ट्रुमेलबाख धबधबा. मेच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत तो चालतो. हिवाळ्यात ट्रुमेलबाख बंद असतो. एप्रिलचा शेवट आणि नोव्हेंबर हे केबल कारच्या देखभालीचे आणि हॉटेलांच्या सुट्टीचे दिवस, त्यामुळे तेव्हा हा बेत करू नका. ग्रुपबरोबर आलेल्यांच्या हातात फारसं काही नसतं. हे स्वतःच्या जबाबदारीवर फिरणाऱ्यांसाठी आहे.

## टप्पा १: आदल्या रात्री पाऊस कोणता आहे ते ओळखा

फोनमध्ये आधीपासून असलेलं हवामानाचं ॲप इथे कामाचं नाही. ते इंटरलाकेनला ढगाचं चित्र दाखवतं आणि मोकळं होतं. स्विस सरकारी हवामान खात्याचं मेटिओस्विस ॲप घ्या. ते फुकट आहे, इंग्रजीत चालतं आणि त्यात पावसाचं रडार तासागणिक पुढे सरकवून बघता येतं.

ॲपमध्ये लाउटरब्रुनेन शोधा आणि तीन गोष्टी बघा.

पहिली म्हणजे पाऊस दिवसभर सारखा आहे की सरींचा. सारखी रिपरिप असेल तर बेत बिनधास्त ठेवा. सरींचा पाऊस असेल आणि दुपारनंतर विजेचं चिन्ह दिसत असेल, तर पायी चालायचा भाग दुपारी एकच्या आत संपवावा लागेल.

दुसरी म्हणजे वारा. पावसाने केबल कार सहसा थांबत नाही, वादळी वाऱ्याने थांबते. दक्षिणेकडून येणारा फ्योन वारा जोरात असेल तर वरच्या सेवा बंद पडू शकतात.

तिसरी म्हणजे धोक्याची पातळी. मेटिओस्विस १ ते ५ पातळ्या देतं. पाऊस, वादळ किंवा वाऱ्यासाठी ३ किंवा त्याहून वरची पातळी असेल तर गावांचा नाद सोडा आणि गाडी पकडून बर्नला जा. इंटरलाकेनहून तासाभराच्या आत पोचता, आणि तिथल्या जुन्या शहरात सुमारे ६ किलोमीटरच्या छत असलेल्या कमानी आहेत. छत्री न उघडता दिवस निघतो.

सावध: ऑक्टोबर-नोव्हेंबरात सकाळी खिडकीबाहेर सगळं धुरकट दिसलं म्हणजे पाऊसच असं नाही. त्या दिवसांत दरीत धुक्याचा थर साचतो आणि वर लख्ख ऊन असतं. असा दिवस शिखरावर जायचा असतो, गावात घालवायचा नाही. फरक कळतो तो वेबकॅमवर, आणि ते काम सकाळचं.

## टप्पा २: कपडे, आणि लोणावळा डोक्यातून काढणं

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, म्हणून हा भाग जरा लांबला तरी चालेल.

आपल्याला पावसात भिजायची हौस असते. ताम्हिणीत, भुशी डॅमवर, माळशेजला आपण चिंब होतो, मग गरम भजी खातो आणि ओल्या कपड्यांतच घरी येतो. त्या पावसात हवा बावीस-चोवीस अंशांची असते. आल्प्समध्ये चढत जाल तसं दर १०० मीटरला साधारण ०.६ अंश तापमान उतरतं. लाउटरब्रुनेन स्टेशनवर (सुमारे ८०० मीटर) १२ अंश असतील, तर म्युरेनला ७ अंश असतात आणि म्युरेनच्या वरच्या शिल्टहॉर्न शिखराच्या माथ्यावर (२९७० मीटर) शून्याच्या खाली, म्हणजे तिथे पाऊस नव्हे, बर्फ पडतो. सात अंशांत ओला सुती टी-शर्ट अंगावर घेऊन तासभर चाललं, की दात वाजायला लागतात. लहान मुलं आणि सत्तरीच्या पुढची मंडळी फार लवकर गारठतात, आणि ती सांगत नाहीत.

म्हणून कपडे असे घाला:

- अंगालगत पॉलिस्टरचा किंवा लोकरीचा पातळ थर. सुती बनियन, सुती कुर्ता नको.
- त्यावर फ्लीसचं जाकीट किंवा साधा लोकरी स्वेटर.
- सगळ्यात वर टोपी असलेलं वॉटरप्रूफ जाकीट. हातात धरून चालायची गोष्ट नाही, घालायची.
- जीन्स नको. भिजलेली जीन्स जड होते आणि दिवसभर वाळत नाही. ट्रेकची पातळ पँट, आणि असेल तर वर रेनकोटची पँट.
- बुटांच्या तळाला खोल नक्षी हवी. गुळगुळीत तळाचे पांढरे स्नीकर ओल्या लाकडी फळीवर आणि गाईच्या शेणावर सारखेच घसरतात.
- प्रत्येकाच्या बॅगेत मोज्यांचा एक कोरडा जोड, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला. साड्या-चुडीदारावर हट्ट असेल तर असो, पण मोज्यांचा हा जोड वगळू नका.

छत्री घ्या, पण ती गावाच्या गल्लीपुरती. कड्याच्या कडेला वारा ती उलटी करतो आणि ट्रुमेलबाखच्या अरुंद बोगद्यात ती दुसऱ्याच्या डोळ्यात जाते. पासपोर्ट, पास आणि फोनसाठी झिपच्या पिशव्या. चष्मा असेल तर कोरडा रुमाल दोन.

खिशात सुट्टे फ्रँक हवेत, थोडी नाणी आणि एक-दोन दहाच्या नोटा. कारण पुढे गिमेलवाल्डमध्ये येईल.

थांबा, तपासा: सगळ्यांनी रात्रीच बूट आणि जाकीट घालून बघितलं का? ‘बाबांचं जाकीट वॉटरप्रूफ आहे असं दुकानदार म्हणाला होता’ याची परीक्षा नळाखाली घ्या. हॉटेलच्या बाथरूममध्ये दोन मिनिटं लागतात.

## टप्पा ३: सकाळी वेबकॅम, मगच निर्णय

नाश्त्याच्या टेबलावर शिल्टहॉर्न आणि युंगफ्राउयोख या दोन्ही ठिकाणचे थेट वेबकॅम उघडा. दोन्ही फुकट बघता येतात. चित्रात शिखरं दिसत असतील तर हा लेख बंद करा आणि वर जा. नुसता पांढरा-करडा रंग दिसत असेल तर शिखराचा विषय तिथेच संपवा.

इथे घासाघीस सुरू होते: ‘आपण पोचेपर्यंत उघडेल की.’ उघडेलही. पण युंगफ्राउयोखचं जाऊन-येऊन तिकीट इंटरलाकेनहून पूर्ण दराने २०० फ्रँकच्या वर जातं, आणि चौघांचा तो जुगार ढगात घालवायला फार महाग आहे. म्हणूनच शिखराची तिकिटं आठवडाभर आधी तारखेसकट काढून ठेवू नका. आदल्या संध्याकाळी अंदाज बघून काढा. गर्दीच्या दिवसांत सीटची चिंता वाटते हे खरं, पण ढगाळ दिवसाची पक्की सीट घेऊन करायचं काय?

म्युरेन-गिमेलवाल्डला असा जुगार नाही. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर म्युरेनपर्यंतचा प्रवास दोन्ही बाजूंनी पासात येतो, दरीतली बसही येते. हाफ फेअर कार्डवर अर्धं तिकीट. बाकी प्रादेशिक पासांत काय येतं ते पासाबरोबर मिळणाऱ्या नकाशावर रेषेरेषेने बघून घ्या, कारण म्युरेनच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या कंपन्या आहेत.

## टप्पा ४: इंटरलाकेन ओस्टवरून योग्य डब्यात बसा

इंटरलाकेनला दोन स्टेशनं आहेत, वेस्ट आणि ओस्ट. दरीत जाणारी गाडी ओस्टवरून सुटते. साधारण अर्ध्या तासाला एक, आणि लाउटरब्रुनेनला वीस-एक मिनिटांत पोचते.

आता मुख्य गोम. ही गाडी त्स्वाइल्युचिनेन स्टेशनवर दोन तुकड्यांत फुटते. एक तुकडा लाउटरब्रुनेनला जातो, दुसरा ग्रिंडेलवाल्डला. फलाटावरच्या बोर्डवर दोन्ही नावं एकत्र दिसतात, म्हणून लोक समोर येईल त्या डब्यात चढतात, खिडकी पकडतात, आणि अर्ध्या तासाने ग्रिंडेलवाल्डला उतरून ‘केबल कार कुठे’ विचारतात. डब्याच्या बाहेरची आणि आतली पाटी वाचा. आई-बाबा एका डब्यात आणि मुलं दुसऱ्यात असं झालं तर फोन करून दोन्हीकडची पाटी पडताळा. त्स्वाइल्युचिनेनपर्यंत डबा बदलता येतो, पुढे नाही.

निघायची वेळ साडेआठ ते नऊ. याहून उशीर केला तर दुपारचं जेवण आणि धबधबा यांपैकी एकावर पाणी सोडावं लागतं.

## टप्पा ५: वर चढताना ग्रुचाल्पची बाजू घ्या

म्युरेनला दोन वाटांनी जाता येतं.

एक वाट लाउटरब्रुनेन स्टेशनसमोरूनच: रस्ता ओलांडला की केबल कार, ती ग्रुचाल्पला सोडते, तिथून छोटी रेल्वे कड्याच्या कडेकडेने म्युरेनला.

दुसरी वाट दरीच्या टोकाकडून: बसने श्टेखेलबर्गचं केबल कार स्टेशन, आणि तिथून २०२४च्या डिसेंबरात सुरू झालेली थेट केबल कार. ती जगातली सर्वांत तीव्र चढाची म्हणून ओळखली जाते आणि काही मिनिटांत म्युरेनला नेते.

पावसाच्या दिवशी वर जाताना पहिली वाट घ्या आणि उतरताना गिमेलवाल्डमार्गे दुसऱ्या बाजूने या. कारण साधं आहे. म्युरेनची रेल्वे गावाच्या उत्तर टोकाला थांबते आणि केबल कारचं स्टेशन दक्षिण टोकाला आहे. गिमेलवाल्डचा रस्ता दक्षिण टोकातूनच खाली उतरतो. उत्तरेकडून आलात तर गाव एकदाच, सरळ, एकाच दिशेने पार होतं आणि पुढचा रस्ता उताराचा लागतो. उलट केलंत तर ओल्या रस्त्यावर गिमेलवाल्डहून पावणेतीनशे मीटर चढायचं, तेही रेनकोटमध्ये आतून घामाने भिजत.

ग्रुचाल्पच्या रेल्वेत जाताना डाव्या हाताला बसा. दरी आणि पलीकडची आयगर, म्योंख, युंगफ्राउ ही शिखरं त्या बाजूला आहेत. ढग फाटला तर जे दिसायचं ते तिकडूनच दिसतं, आणि पावसाच्या दिवशी तो मिनिटभरच फाटतो. काचेवर आतून धुकं धरतं. तो दुसरा रुमाल इथे लागतो.

नुसती भुरभुर असेल आणि सगळ्यांचे बूट चांगले असतील तर मधल्या विंटरएग स्टेशनवर उतरून म्युरेनपर्यंत चालता येतं. रुळांच्या कडेची बऱ्यापैकी सपाट वाट आहे, पाऊण तासाची. जोराचा पाऊस असेल तर खाली उतरू नका, रेल्वेतच बसून राहा.

सावध: म्युरेनला भेटायची जागा ठरवताना ‘स्टेशनवर भेटू’ म्हणू नका. दोन स्टेशनांत चालत पंधरा-वीस मिनिटांचं अंतर आहे, आणि पावसात दोघेही आपापल्या स्टेशनवर उभे राहून एकमेकांवर चिडतात.

## टप्पा ६: म्युरेनमध्ये दोन तास, आणि जेवण बाराच्या आधी

रेल्वेतून उतरल्यावर दोन रस्ते फुटतात, वरचा आणि खालचा. खालचा घ्या. तो जवळजवळ सपाट आहे, आई-बाबांच्या गुडघ्यांना सोसतो, आणि कड्याच्या बाजूचे बाक त्याच्याच आसपास आहेत. घरांच्या लाकडी भिंतींना लागून रचलेल्या सरपणाच्या चळती, पुढे आलेल्या छपरांखालून ठिबकणारं पाणी, खिडक्यांतले जिरेनियम: गाव पाहायचं ते असं, हळू. फोटो काढा, पण कुणाच्या खिडकीला नाक लावून नव्हे. ही राहती घरं आहेत. आणि रस्त्यात फोन स्पीकरवर टाकून नागपूरच्या मावशीशी बोलू नका. गाव इतकं शांत आहे की ते संभाषण तिसऱ्या घरात ऐकू जातं.

रस्त्यात कुणी भेटलं तर मान हलवून ‘ग्रुएसेख’ म्हणा. बर्न भागात तोच नमस्कार. झुरिखचं ‘ग्रुएत्सी’ चालतं, पण इथे हे जास्त आवडतं.

जेवणाचं गणित नीट लक्षात घ्या. छोट्या डोंगरी गावांत गरम जेवण साधारण साडेअकरा ते दोन या वेळातच मिळतं. दोननंतर स्वयंपाकघर बंद होतं आणि मग केक, कॉफी किंवा थंड सँडविच. आपण नाश्ता उशिरा करतो, ‘भूक लागली की बघू’ म्हणतो आणि अडीचला ओलेचिंब होऊन दारात उभे राहतो. पावसात सगळं गाव एकाच वेळी आत शिरतं, म्हणून साडेअकरालाच टेबल धरा. एका माणसाच्या साध्या जेवणाला २५ ते ३० फ्रँक लागतील असं धरा.

शाकाहारी मंडळींसाठी: र्‍योश्टी म्हणजे किसलेल्या बटाट्याचं खरपूस थालीपीठ म्हणा हवं तर, पण त्यात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, म्हणजे श्पेक, पुष्कळदा असतात. ‘ओने श्पेक’ म्हणजे श्पेकशिवाय, असं आधी सांगा. केझश्निटे म्हणजे पावावर वितळवलेलं चीज; त्यात हॅम आणि पावावर वाइन दोन्ही असू शकतं. एल्प्लरमाग्रोनेन ही मॅकरोनी, बटाटा, चीज, साय आणि तळलेला कांदा यांची डिश, सोबत सफरचंदाचा गोड गर. तिच्यातही श्पेक आहे का ते विचारा. भाजीच्या सूपचं पाणी मांसाचं असू शकतं, हे फार जणांना ठाऊक नसतं. आणि इथलं पारंपरिक चीज रेनेटने, म्हणजे वासराच्या जठरातून काढलेल्या विरजणाने विरजतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी चीजचा नाद सोडावा.

घरचा डबा न्यायचा असेल तर चिवडा, खाकरा, चिक्की. दुधाचे पदार्थ आणि मांस भारतातून स्वित्झर्लंडमध्ये आणायला बंदी आहे, तेव्हा पेढे-बर्फी पुण्यातच राहू द्या. रेस्टॉरंटच्या टेबलावर मात्र स्वतःचा डबा उघडू नका.

म्युरेनमध्ये किराणा दुकान आहे. गिमेलवाल्डला तसं मोठं दुकान नाही, म्हणून पाणी-बिस्किटं इथेच घ्या. गावातल्या दगडी हौदाच्या नळाचं पाणी प्यायला हरकत नसते. ‘काइन ट्रिंकवासर’ अशी पाटी असेल तर ते पाणी पिण्याचं नाही.

पाऊस धो-धो असेल आणि बरोबर मुलं कंटाळली असतील तर गावात क्रीडासंकुल आहे, आत पोहण्याचा तलावही आहे. पोहण्याचे कपडे बॅगेत असतील तर दीड तास सुखात जातो.

थांबा, तपासा (दुपारी साडेबारा): कुणाचे मोजे ओले झाले का? झाले असतील तर आत्ता बदला, खाली पोचल्यावर नाही. रडार पुन्हा बघा. पुढच्या तासात वीज दिसत असेल तर टप्पा ७ मधलं चालणं रद्द करा आणि म्युरेनहून केबल कारने गिमेलवाल्डला उतरा.

## टप्पा ७: गिमेलवाल्डला पायी, फक्त डांबरी रस्त्याने

म्युरेनच्या दक्षिण टोकाला पिवळ्या पाट्यांचा खांब दिसतो. त्यावर गावांची नावं आणि चालायला लागणारा वेळ लिहिलेला असतो. हा वेळ न थांबता चालणाऱ्या स्विस माणसाचा आहे. मुलं आणि फोटो धरून दीडपट करा. गिमेलवाल्डला डांबरी रस्त्याने तीस-चाळीस मिनिटं लिहिलेली दिसतील, तुम्हाला पाऊण तास ते एक तास लागेल.

पाट्यांचे रंग समजून घ्या. साधी पिवळी पाटी म्हणजे चालायची सोपी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, चांगले बूट आणि तोल हवा. पांढरा-निळा-पांढरा म्हणजे गिर्यारोहकांचं काम. पावसात फक्त पहिली.

इथे एक मोह असतो. रस्त्याला वळणं आहेत आणि गवतातून खाली जाणारी पायवाट डोळ्यांसमोर दिसते. ती घेऊ नका. ओलं गवत उतारावर बर्फासारखं सटकतं. शिवाय ते कुरण म्हणजे शेतकऱ्याच्या गाईंची हिवाळ्याची वैरण आहे. तुडवलेलं गवत कापता येत नाही, आणि तिथली माणसं यावर खरोखर रागावतात.

कुरणाच्या कडेला पातळ पांढरी किंवा नारिंगी दोरी दिसते. ती विजेची असते. झटका जीवघेणा नसतो, पण ओल्या हाताने किंवा छत्रीच्या लोखंडी दांडीने लागला तर मूल दिवसभर रडतं. फोटोसाठी तिच्यावर टेकू नका. उन्हाळ्यात बऱ्याच गाई अजून वरच्या कुरणांवर जातात, पण काही इथे असतातच. वासरू बरोबर असेल तर लांबूनच बघा, आणि कुत्रा असलेल्या माणसाच्या मागोमाग कळपातून जाऊ नका.

रस्त्यावर मोटारी नाहीत याचा अर्थ वाहनंच नाहीत असा नव्हे. गवताचे ट्रॅक्टर आणि छोट्या मालगाड्या येतात. पावसात टोपी डोक्यावर असली की त्या ऐकू येत नाहीत. रस्त्याच्या मधोमध चौघांची रांग करू नका.

वीज चमकायला लागली आणि गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर चालणं थांबवा, एकट्या झाडाखाली उभे राहू नका, जवळच्या घराच्या किंवा गोठ्याच्या आडोशाला जा. मदतीसाठी ११२. रुग्णवाहिका १४४, डोंगरातली हेलिकॉप्टर सेवा रेगा १४१४. हे क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये असू देत, एकट्या गटप्रमुखाच्या नव्हे.

सावध: गिमेलवाल्डहून श्टेखेलबर्गला जंगलातून उतरणारी पायवाटही आहे. नकाशावर ती जवळची दिसते. कोरड्या दिवशी छान, पावसात तीव्र, मुळांनी भरलेली आणि निसरडी. केबल कारचं तिकीट वाचवायला तिच्यात शिरू नका.

## टप्पा ८: गिमेलवाल्डमध्ये तासभर, नाण्यांसह

गिमेलवाल्ड म्हणजे मूठभर घरं, गोठे आणि दोन-तीन उतरत्या गल्ल्या. इथे ‘पाहण्यासारखं काय’ ही यादी घेऊन आलात तर दहा मिनिटांत संपेल. काही न करता तासभर काढायचा आहे हे मंडळींना आधीच सांगून ठेवा.

काही घरांच्या दारात किंवा भिंतीला लागून एक कपाट असतं. आत कागदात गुंडाळलेले चीजचे तुकडे, जॅमच्या बाटल्या, कधी लोकरीचे मोजे. प्रत्येकावर हाताने लिहिलेली किंमत, आणि बाजूला झाकणाला चीर पाडलेला पत्र्याचा डबा. दुकानदार नाही. वस्तू घ्यायची आणि पैसे डब्यात टाकायचे. डब्याशेजारी ट्विंटचा क्यूआर कोड दिसेल, पण ट्विंट हे फोनवरून पैसे देण्याचं स्विस ॲप स्विस बँक खात्यावर चालतं. आपलं यूपीआय किंवा भारतीय कार्ड तिथे उपयोगाचं नाही. शंभराची नोट टाकून सुटे परत मिळत नाहीत. खिशातल्या त्या नाण्यांचं काम हे. पाच फ्रँकची दोन-तीन नाणी असली की बरं. युरोची नाणी टाकू नका.

केबल कारच्या स्टेशनवर छप्पर आहे. पाऊस वाढला तर तिथे बसून समोरचा कडा बघा. पावसात त्यावर नवेनवे पाण्याचे ओघ सुटलेले दिसतात.

थांबा, तपासा: थेट केबल कार गिमेलवाल्डला थांबत नाही. तुम्हाला गिमेलवाल्डहून श्टेखेलबर्गला जाणारी वेगळी केबल कार हवी. तिच्या वेळा स्विस रेल्वेच्या एसबीबी मोबाईल ॲपमध्ये ‘गिमेलवाल्ड’ टाकून बघा. या ॲपमध्ये रेल्वे, बस आणि केबल कार सगळं एकत्र दिसतं, सेवा बंद असेल तर तेही. सव्वातीनच्या आत निघा.

## टप्पा ९: श्टेखेलबर्ग ते ट्रुमेलबाख

खाली उतरलात की केबल कार स्टेशनसमोरच १४१ क्रमांकाची पिवळी पोस्टबस थांबते. लाउटरब्रुनेनच्या दिशेची घ्या. विरुद्ध दिशेची बस दरीच्या टोकाला श्टेखेलबर्ग गावात जाते, आणि नाव सारखं असल्यामुळे लोक तिच्यात बसतात. काही मिनिटांत ट्रुमेलबाखचा थांबा येतो. बटण दाबायला विसरू नका.

धबधबा शेवटी ठेवला आहे कारण इथे भिजणं अटळ आहे. सकाळी केलात तर ओल्या अंगाने म्युरेनच्या सात अंशांत जावं लागतं. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउच्या हिमनद्यांचं पाणी डोंगर कापत दहा टप्प्यांत आतल्या आत कोसळतं, सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत. पावसात ते वाढतं. बोगद्यात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून ‘कुठे भेटायचं’ ते तिकीट खिडकीवरच ठरवा.

- स्विस ट्रॅव्हल पास इथे चालत नाही, प्रवेशाचं तिकीट वेगळं.
- चार वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. तान्हं मूल असेल तर मोठ्यांनी पाळी लावा.
- डोंगराच्या आत लिफ्ट आहे, पण पायऱ्या तरीही आहेत, ओल्या आणि निसरड्या. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी लिफ्टने वर जाऊन जवळचे टप्पे बघावेत आणि लिफ्टनेच उतरावं.
- लिफ्टने आधी वर, मग पायऱ्यांनी सगळ्यात वरच्या टप्प्यापर्यंत, आणि मग चालत खाली. खालून चढायला गेलात तर वरच्या टप्प्यांना पोचेपर्यंत माणसं थकलेली असतात.
- जाकिटाची टोपी घाला, फोन झिपच्या पिशवीत.

बंद व्हायची वेळ ऋतूप्रमाणे बदलते, सहसा पाच-सहाच्या सुमारास. सकाळीच बघून ठेवा. चारच्या आत तिथे असलात तर घाई होत नाही.

पाऊस अजून असेल तर ट्रुमेलबाखहून लाउटरब्रुनेनपर्यंत बसच घ्या. थांबला असेल तर दरीतला सपाट रस्ता पाऊण तासात लाउटरब्रुनेनला नेतो, वाटेत श्टाउबबाख धबधबा, २९७ मीटरचा. एरवी तो वाऱ्यात विरतो, पावसानंतर भरून पडतो. त्याच्या मागच्या गॅलरीत जाणारी वाट जोराच्या पावसानंतर घेऊ नका, दगड सुटतात.

## टप्पा १०: परत आल्यावर

बूट हीटरवर ठेवू नका, डिंक सुटतो. आतला तळवा काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला. रेनकोट बाथरूममध्ये टांगा. कॅमेरा आणि फोन गरम खोलीत आणल्यावर काचेच्या आत वाफ धरते. पिशवी बंद ठेवून अर्धा तास थांबा, मग उघडा.

मग मेटिओस्विस पुन्हा उघडा. दुसऱ्या दिवशी सकाळी आकाश मोकळं होणार असेल तर शिखराचं तिकीट आत्ता काढा, आणि सकाळच्या पहिल्या गाड्यांपैकी एक धरा. पावसानंतरच्या दिवशी जमीन ओली असते, ऊन चढलं की वाफा वर जातात आणि पुष्कळदा दुपारपर्यंत शिखरं पुन्हा ढगात जातात.